तिसरा ग्रेन

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी शेडच्या बाहेर उभी राहून मिक्सरचं भांडं घासत होते. तो आपला केकवाल्यांकडे असतो तसला स्टँड मिक्सर, कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून वीस डॉलरला घेतलेला, त्याच्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरात 'खाण्यासाठी नाही' असं मराठीत लिहून ठेवलंय, का तर आमच्याशिवाय तिथे कुणाला वाचता येत नाही पण मला बरं वाटतं. आई म्हणाली, "केक केलास होय गं? एवढं मोठं भांडं?" म्हटलं नाही गं, रॉकेटच्या मोटरचा मसाला होता. मग दोन सेकंद शांतता. मग, "बरं. आणि जेवायला काय केलंयस?"

तर हे आमचं वीकेंडचं काम. लोक टेनिस खेळतात, इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियातले अर्धे मराठी लोक ट्रेकला जातात आणि उरलेले नाटक बसवतात, आम्ही दोघं नवराबायको रॉकेटं उडवतो, आणि गेली काही वर्षं त्याच्या मोटरी, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी जळणाची नळी, त्या पण स्वतः बनवतो. दिवाळीतलं बाटलीत उभं करायचं रॉकेट नव्हे हां. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं फायबरग्लासचं नळकांडं, सात किलो वजनाचं.

सुरुवात नवऱ्याने केली हे कबूल करायला पाहिजे. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एका लाँचला नेलं, तिथून आला तो बोलतच सुटला. मी म्हटलं बघू तरी. इथे मोटरींना अक्षरं असतात, आणि प्रत्येक पुढचं अक्षर म्हणजे आधीच्या दुप्पट एकूण ढकल, म्हणजे किती जोराने आणि किती वेळ ढकललं त्याचा गुणाकार. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय ६४० पर्यंत, जे १,२८०, के २,५६०, असं करत करत ओ पर्यंत जातं ते ४०,९६० ला थांबतं. ऐकायला काही नाही पण दुप्पट दुप्पट म्हणजे काय ते बुद्धिबळाच्या पटावरचे तांदूळ ज्याला माहितीयत त्याला कळेल. एच आणि आय उडवायला लेव्हल वनचं सर्टिफिकेट लागतं, जे-के-एल ला लेव्हल टू आणि तिची लेखी परीक्षा, त्याच्या वर लेव्हल थ्री. आणि सर्टिफिकेशन जोडीने होत नाही, ज्याचं त्याने रॉकेट बांधायचं, ज्याचं त्याने उडवायचं, आणि ते खाली आल्यावर परत उडवता येईल अशा अवस्थेत आणून दाखवायचं. माझं पहिल्या फटक्यात झालं. याचं पॅराशूट आतच अडकून बसलं आणि रॉकेट सरळ नाकावर जमिनीत घुसलं, उपटून काढायला फावडं लागलं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण घरी तो हा विषय टाळतो.

स्वतः मोटर बनवायची तर वेगळी गंमत आहे. अमेरिकेत दोन मोठ्या संघटना आहेत, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली. पहिलीत घरची मोटर चालतच नाही, दुकानातली तपासलेलीच पाहिजे. ट्रायपोलीत चालते, पण लेव्हल टू झालेल्यालाच, आणि ती अशा मोटरींसाठीच्या खास रिसर्च लाँचलाच उडवायची. आणि केसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं नळकांडं, ॲल्युमिनियमचं, स्टीलचं अजिबात नाही, कारण फुटलं तर ॲल्युमिनियम फाटतं, स्टीलचे तुकडे उडतात. हे वाक्य आम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनी पहिल्या दिवशी इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्या रात्री झोप आली नाही.

ते म्हणजे आमचे आजोबा. आजोबा आम्ही आपापसात म्हणतो, खरं तर सत्तरी ओलांडलेले निवृत्त मशिनिस्ट आहेत, नेव्हाडात रीनो शहराच्या पलीकडे वाळवंटात त्यांची मोठी जागा आहे, जवळचं घर डोळ्याला दिसत नाही एवढी. सगळं काम तिथेच. आमच्या घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, एक चमचाभर पण नाही, हे आधी ठरलं आणि मग बाकीचं. सामान त्यांच्याकडे, परवाने त्यांच्याकडे, साठवण त्यांच्याकडे, आम्ही चार तास गाडी हाकत जायचं आणि परत येताना रिकामी केसिंगं आणि वही घेऊन यायचं.

आजोबा जुन्या गोष्टी सांगतात. एकेकाळी हा मसाला सरकारच्या स्फोटकांच्या यादीत होता, दोन्ही संघटना कोर्टात गेल्या, केस कितीतरी वर्षं चालली आणि २००९ च्या मार्चमध्ये न्यायाधीशाने निकाल दिला की बाबांनो हे स्फोटक आहे असं तुम्ही नीट दाखवलेलं नाही, यादीतून काढा. तेव्हा आजोबांनी शेडमध्ये पार्टी केली म्हणे. पण हेच आजोबा लगेच दुसरी गोष्ट सांगतात, ४ मे १९८८, लास वेगासजवळच्या हेंडरसन गावात पेपकॉनचा कारखाना उडाला. तिथे अमोनियम परक्लोरेट बनत होतं, म्हणजे आमच्या मसाल्यातला जो मुख्य पांढरा पदार्थ तोच, दोन माणसं गेली, शेकडो जखमी. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायच्या हा त्यांचा नियम आहे, एक ऐकून घरी जायचं नाही.

मसाला म्हणजे काय, तर परक्लोरेट हा ऑक्सिजन देणारा, त्याला धरून ठेवणारं एक घट्ट मधासारखं रबर, एचटीपीबी म्हणतात त्याला, थोडी धातूची पूड, आणि शेवटी रबर आवळणारं एक रसायन. हेच कुटुंब आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असतं, तिथे साधारण १३८ टन, आमच्याकडे पाऊण किलोच्या वर थोडं. मला हे कळलं तेव्हा उगाच श्रीहरीकोट्याशी नातं लागल्यासारखं झालं. प्रमाणं वगैरे मी लिहिणार नाही, विचारू पण नका, ते शिकवणाऱ्याच्या समोर उभं राहून शिकायचं असतं, वाचून नाही.

आणि खरं सांगू का, बाहेरच्याला वाटतं आग, धूर, थरार. दहातले नऊ तास आम्ही वजनं करतो. कॉटनचे कपडे घालायचे, नायलॉन अंगावर नको, फोन गाडीत, हात लावण्याआधी जमिनीला जोडलेल्या पट्टीला हात लावायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. मग एकाने काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा आणि वहीत टिक करायची. दोनदा. नवरा वाचतो, मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे आणि त्याचं मेडिकल दुकानदारालाच कळेल असं आहे म्हणून ही वाटणी झाली, आणि पुढे सगळं रामायण या वहीवरूनच झालं.

मिक्सर लांबून चालवायचा, आपण भिंतीच्या पलीकडे. मग ते सगळं हवाबंद भांड्यात ठेवून हवा ओढून काढतात, आणि हा भाग मला फार आवडतो, जाड काचेतून बघायचं, मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगून वर येतं, येतं, येतं, आता ऊतू जाणार असं वाटतं आणि मग धपकन बसतं, वर हजार भोकं पडतात, ती पण हळूहळू बुजतात. हवा निघालीच पाहिजे. मग ते नळ्यांमध्ये भरायचं, मधोमध दांडा ठेवून, म्हणजे सुकल्यावर दांडा काढला की आरपार भोक राहतं, आतून जळायला. भरताना दर थराला दाबायचं. चकलीच्या सोऱ्यात पीठ भरताना आई ओरडायची ना, दाबून भर गं, मधे पोकळी राहिली की चकली तुटते, शब्दशः तेच. मग काही दिवस सुकू द्यायचं. सुकलं की त्याला ग्रेन म्हणायचं. हाताला खोडरबरासारखं लागतं, नखाने दाबलं तर किंचित दबतं.

पहिली के मोटर आम्ही फेब्रुवारीत ओतली. पाच ग्रेन, ५४ मिलिमीटरच्या केसिंगमध्ये बसणारे. सुकल्यावर प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने मोजायची, बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास, वजन, आणि त्यावरून घनता काढायची. हिशोबाने जी यायला पाहिजे तिच्या जवळ आली तर आत हवा नाही. कमी आली तर आत कुठेतरी पोकळी आहे, आणि ती कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही.

पहिला ठीक, दुसरा ठीक, चौथा पाचवा ठीक. तिसरा चार टक्के हलका.

आता इथे काय झालं ते मला नीट सांगायचंय कारण आमच्या दोघांच्या डोक्यात ते वेगवेगळं होतं. माझ्या डोक्यात असं की मी म्हटलं हा हलका आहे, आणि नवरा म्हणाला चार टक्क्याने काय होतंय, व्हर्नियर तिरका धरला असशील, चालेल. आणि मी गप्प बसले. आजोबा त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, मोजायचं काम आमच्यावर सोपवून. संध्याकाळ होत आली होती, परत चार तास गाडी चालवायची होती, सोमवारी माझं रिलीज होतं. एकेक ग्रेन परत करायचा म्हणजे अजून एक अख्खा वीकेंड.

एप्रिलमध्ये स्टॅटिक टेस्ट. म्हणजे उडवायची नाही, मोटर स्टँडला आडवी आवळून जागच्या जागी जाळायची, पुढे लोडसेल, तो किती जोराने ढकलतेय ते मोजतो. मातीचा बंधारा, आम्ही त्याच्या मागे भरपूर लांब, कॅमेऱ्यावर बघायचं. वारा असा गार की नाक गळत होतं. आजोबांनी आकडे उलटे मोजले, बटण दाबलं, एक फुस्स, मग तो आवाज, कापड फाडल्यासारखा पण न संपणारा. लॅपटॉपवर रेघ छान वर चढली. मी नवऱ्याचा हात धरला. पाऊण सेकंद झाला असेल नसेल, रेघ सरळ उभी वर गेली आणि शून्य.

आवाज नंतर आला. तो कानाला नाही, छातीला लागतो.

याला इथे केटो म्हणतात, मोटरचं वाटोळं झालं की केटो झाला म्हणायचं, अगदी सहज, आपण दूध नासलं म्हणतो तसं. आजोबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, घड्याळ लावून वाट बघायला लावली, मग एकटे जाऊन बघून आले, मग आम्हाला बोलावलं. केसिंग केळ्याच्या सालीसारखं उघडलं होतं. जळत्या मसाल्याचे तुकडे बंधाऱ्याच्या आत विझून काळे पडलेले. पुढचं झाकण अर्ध्या तासाने सापडलं, झुडपात, बंधाऱ्याच्या आतल्या बाजूलाच. कुणाला काही झालं नाही. म्हणजे होण्याचा प्रश्नच नव्हता, तेवढ्यासाठीच तर ती माती आणि ते अंतर, पण माझे पाय मात्र बराच वेळ माझे नव्हते.

आजोबा रेघेकडे बघत म्हणाले, बहुतेक एखाद्या ग्रेनच्या आत पोकळी होती, आग तिथपर्यंत पोचली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, पृष्ठभाग वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, आणि हे चक्र एकदा फिरलं की थांबवणारं कुणी नसतं. मग आमच्याकडे बघून विचारलं, घनता मोजली होती ना?

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे.

परतीचा रस्ता डॉनर पास नावाच्या डोंगरातल्या खिंडीतून आहे. दोन्ही बाजूला अजून बर्फ होतं, फार सुंदर दिसतं ते, आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. मी मनात सगळं वाक्य न् वाक्य जुळवून ठेवलं होतं, मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, तुझी घाई, लेव्हल वनला पण तुझी घाईच नडली होती, सगळं. सॅक्रामेंटोच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तो आत कॉफी आणायला गेला तेव्हा मी पुरावा म्हणून वही उघडली. तिसऱ्या ग्रेनची ओळ. घनता. आकड्याखाली मी पेनाने दोनदा रेघ मारलेली. आणि पुढच्या रकान्यात टिक. त्या वहीत त्याने आजवर एक टिंब काढलेलं नाही. टिक माझी होती.

म्हणजे मी नुसती गप्प बसले नव्हते, मी सही केली होती.

तो कॉफी घेऊन आला तेव्हा मी वही त्याच्या पुढे धरली. त्याने बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता हा म्हणणार बघ, तूच. तो म्हणाला, "मी चालेल म्हटलं म्हणून मारलीस ना." म्हटलं हो. म्हणाला, "मग मी म्हणायला नको होतं आणि तू मारायला नको होतीस." आणि मग नेहमीसारखं कॉफीत साखर कमी आहे यावरून भांडलो, ते बरं होतं.

आजोबांना दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले आता पुढचे दोन महिने इथे येऊन फक्त दुसऱ्यांच्या मोजणीला उभं राहायचं, हात लावायचा नाही. आणि एक नियम घालून दिला, दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की ते नाही, का ते विचारायचं नाही, पटवायचं नाही, त्या दिवशी काम बंद. लग्नात हा नियम चालवणं किती अवघड आहे ते ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगायला नको. परत हात लावायची परवानगी मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात मी एकदा निव्वळ डोकं दुखत होतं म्हणून नाही म्हटलं आणि नवऱ्याने अख्खं सामान परत आवरून ठेवलं, दार लावेपर्यंत त्याच्या तोंडातून चकार शब्द नाही. मी बघत होते.

जूनमध्ये परत ओतलं. यावेळी दोन मोटरींचे मिळून अकरा ग्रेन केले, एक जास्तीचा, आणि खरंच एक हलका निघाला, दोनच टक्के, पण बाजूला काढला. बाकीच्यांतल्या पाचांची मोटर उडवायला ठेवली आणि उरलेल्या पाचांची तिची जोडीची मोटर जुलैत स्टॅटिकला जाळली. रेघ अशी आली की आईने मारलेल्या रांगोळीच्या कमानीसारखी, चढली, टिकली, उतरली. सर्वात जास्त जोर ९०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे ब्याण्णव किलोचा माणूस उभा राहिल्यासारखा, २.८ सेकंद, एकूण १,६८० न्यूटन-सेकंद. आजोबा म्हणाले, आता दुसरी उडवा.

ब्लॅक रॉकच्या वाळवंटात सप्टेंबरमध्ये जातात, बर्निंग मॅन नावाचा तिथला मोठा महोत्सव संपून तिथला धुरळा बसला की. रीनोपासून उत्तरेला दोनेक तास, गेरलॅक नावाचं चिमुकलं गाव लागतं, त्याच्यापुढे रस्ता संपतो आणि पांढरं सपाट सुरू होतं. एक झाड नाही, एक दगड नाही. याच जमिनीवर १९९७ मध्ये थ्रस्ट एसएससी गाडीने आवाजाचा वेग ओलांडला होता आणि इथूनच २००४ मध्ये हौशी लोकांचं पहिलं रॉकेट अंतराळात पोचलं. धूळ अल्कलाईन, पायाला भेगा पाडते, म्हणून सगळे रात्री व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसतात, आम्ही लिंबू पिळून बसतो, काम तेच आणि वास बरा.

तपासणीच्या टेबलावर आरएसओने, म्हणजे सेफ्टी बघणाऱ्या बाईंनी, रॉकेट हलवून बघितलं, फिन, म्हणजे शेपटाकडचे पंख, ओढून बघितले, आणि मोटरची वही मागितली. पान उलटत उलटत त्या आधीच्या पानावर गेल्या, तिसऱ्या ग्रेनवर. मी ते पान फाडलं नव्हतं, खाली तारीख घालून लिहिलं होतं, केटो, टिक माझी. त्यांनी वाचलं तर नसणारच, मराठीत होतं. पण केटो हा शब्द मी इंग्रजीत लिहिला होता. वर बघून म्हणाल्या, आणि ही नवीन? म्हटलं नवीन मोजलीय, चारदा. सही केली.

पॅडवर रॉकेट उभं केलं, दोन्ही अल्टिमीटर, म्हणजे उंची मोजणारी यंत्रं, चालू केले, एक वरती पोचल्यावर छोटं पॅराशूट सोडणार, खाली आठशे फुटांवर मोठं, दुसरा त्याचा राखीव. ते बीप बीप करून सांगतात सगळं ठीक आहे ते, तो बीप मोजायला कान लावून बसावं लागतं, वाऱ्यात ऐकू येत नाही. नवरा मोजत होता. म्हणाला तीन. मी म्हटलं परत ऐक. तीन. इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी विजेची वात, सगळ्यात शेवटी आत सरकवला आणि आम्ही चालत मागे आलो.

पाच, चार, तीन, दोन, एक. काहीच नाही.

इग्नायटर फुसका. मिनिटभर कुणी जागचं हलायचं नाही, मग जाऊन सगळं बंद करायचं, नवीन लावायचं, परत चालत यायचं. एरवी नवऱ्याने तोपर्यंत चार शिव्या घातल्या असत्या. गपचूप गेला, गपचूप आला, कानापर्यंत धुळीने पांढरा.

दुसऱ्यांदा पेटली. पॅडवर एक पिवळी उभी रेघ, आणि रॉकेट तिथे नव्हतंच, नजर वर न्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते निघून गेलं होतं, आवाज मागून धावत होता. मी आकडे मोजत होते मनात, एक सेकंद, हे ते पाऊण सेकंदाचं ठिकाण, गेलं. दोन. धूर थांबला. मग निळ्यात काही दिसेना. मग कुणीतरी ओरडलं, ड्रोग, म्हणजे ते छोटं पॅराशूट! आणि एक नारिंगी टिपका.

दीड किलोमीटर चालत गेलो जीपीएस बघत. मोठं पॅराशूट जमिनीवर फुगून हळूहळू ओढत नेत होतं सगळ्याला, नवरा धावला आणि त्याच्यावर बसला. अल्टिमीटर बीप देत होता, ६,४१२ फूट. सिम्युलेशन म्हणत होतं ६,८००. मी म्हटलं चारशे फूट कुठे गेले, तो म्हणाला तू रंगाचे दोन थर जास्त दिलेस.

संध्याकाळी कँपात मोटर उघडली. सडक्या अंड्याचा आणि जळक्या टायरचा मिळून जो वास होईल तो. लायनर, म्हणजे केसिंगच्या आतलं अस्तर, ओढून काढला, आत सगळीकडे सारखा काळा, कुठे भाजल्याचा डाग नाही. ग्रॅफाईटचं नोझल, म्हणजे ज्यातून आग बाहेर पडते ते तोंड, पुसून त्याने हेडलँपच्या उजेडात व्हर्नियर लावला, त्याचा गळा, म्हणजे सगळ्यात अरुंद भोक, उडवण्याआधी १२.७ मिलिमीटर होता.

"१२.८," तो म्हणाला.

मी पेन उघडलं. "परत वाच."